स्लॅब टाकला, खिडकी बुजली

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. शहराच्या क्षेत्रफळाने भागले तर एका चौरस किलोमीटरला साधारण ११ हजार माणसे येतात. मुंबईचा आकडा याच्या जवळपास दुप्पट. म्हणून 'नागपुरात गर्दी आहेच कुठे?' असे म्हणणारे भेटतात. पण या हिशेबात सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांची आवारे धरली जातात आणि पाचपावली-इंदोऱ्याकडच्या गल्ल्याही. सरासरी दोघांची एकच निघते, श्वास मात्र एकच नसतो.

घरांचे प्रकार आपल्या शहरात अनेक. महाल-इतवारीतले जुने वाडे, सुधार प्रन्यासचे लेआउट, गुंठेवारीतली घरे, रेल्वेचे क्वार्टर, आता वर्धा रोडकडचे उंच टॉवर. आणि आपली वस्ती. टॉवरमध्येही माणसे दाटीनेच राहतात, एकावर एक. तरी तिथे दोन इमारतींमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. वस्तीत ती जागा कागदावरही नसते.

वस्तीतले घर कसे वाढते ते पाहा. आधी मातीच्या किंवा विटांच्या भिंती, वर कवेलू किंवा टिन. उन्हाळ्यात टिन तापायचे, पावसात गळायचे, पण कवेलूच्या फटींतून हवा तरी खेळायची. मागे सांदवाडी असायची. मग मुलगा कामाला लागला, बचत गटाचे कर्ज मिळाले, पट्टा झाला, घरकुलाचे अडीच लाख मंजूर झाले. स्लॅब टाकला. ही कमाईची, अभिमानाची गोष्ट आहे, यात वाद नाही. पण जागा तेवढीच, म्हणून भिंत हद्दीपर्यंत नेली. शेजाऱ्यानेही तेच केले. सांदवाडी संपली आणि मागची खिडकी विटांनी बुजली. वर मुलासाठी खोली झाली, तेव्हा खालच्या खोलीत दिवसाही लाइट लावावा लागू लागला.

दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट धरा. आत हजार घनफूट हवा. सहा जण झोपले तर माणशी पावणेदोनशे घनफुटांपेक्षाही कमी, आणि तीच हवा रात्रभर. एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसे राहत असतील तर संयुक्त राष्ट्रसंघाची वस्तीविषयक संस्था त्याला दाटी म्हणते. आपल्याकडे पाहुणे आले की हा आकडा केव्हाच मागे पडतो.

अशा खोलीत सगळ्यात जास्त फावते ते टीबीला. टीबी ताटावाटीतून किंवा हात लावल्याने पसरत नाही. खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण हवेत तासन् तास तरंगतात. हवा बदलली की ते विरळ होतात, ऊन लागले की जंतू मरतात. बंद, अंधाऱ्या खोलीत दोन्ही होत नाही. मुंबईत देवनार-गोवंडी भागात पुनर्वसनासाठी बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींचा अभ्यास झाला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर ऊनच पोहोचत नाही. खालच्या मजल्यांवर टीबी जास्त आढळला. म्हणजे झोपडी जाऊन पक्के घर मिळाले, तरी आजार सुटला नाही.

म्हणून स्लॅब टाकण्याआधी दोन गोष्टी मिस्त्रीला ठणकावून सांगा. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे कोरड्या उष्ण भागातसुद्धा खोलीच्या जमिनीच्या किमान एक-दशांश इतकी उघडी जागा हवी, आणि तीही दार सोडून. दहा बाय दहाच्या खोलीला दहा चौरस फूट. तेवढी खिडकी बसत नसेल तर समोरच्या भिंतीत जमिनीजवळ आणि मागच्या भिंतीत छताखाली जाळीच्या विटा लावा. गरम हवा वर चढते, वरून निघून जाते, खालून नवी येते. जिन्याच्या वरच्या टोकाला पत्रा ठोकून बंद करू नका, तिथे जाळी ठेवा. मग जिनाच घराचे धुराडे होतो. बांधताना हे काम थोडक्यात होते. नंतर भिंत फोडायला कोणी धजत नाही.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याशी बोलण्याची. दोघांनी दोन-दोन फूट सोडले तर चार फुटांची सांदवाडी दोघांनाही मिळते. एकट्याने सोडले तर उद्या दुसरा तिथपर्यंत भिंत आणेल, ही भीती खरी आहे. म्हणून चार घरांनी बसून आधी ठरवावे. बायकांना या बैठकीत मुद्दाम बोलवा, कारण त्या खोलीत दिवसभर चूल-गॅसचा धूर त्याच घेतात.

कूलरचेही तसेच. खोलीच्या आत ठेवून दार-खिडकी लावली तर तीच ओली हवा फिरत राहते. कूलर खिडकीबाहेर असावा आणि समोरचे दार किंवा झरोका उघडा असावा, तरच गारवा लागतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी बदलल्याने जात नाहीत.

घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करा. ती मोफत आहे, औषधेही मोफत. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. नोंदणीसाठी आधार आणि बँक पासबुक सोबत न्या. रुग्णाच्या घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी सांगून करून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्या मिळतात.