बॉथेलचं पत्र : कपाटातल्या बाटल्या आणि वाऱ्याची दिशा

सिएटलच्या ईशान्येला सॅमामिश नदीच्या काठी बॉथेल वसलं आहे. किंग आणि स्नोहोमिश या दोन काउंट्यांची हद्द बरोबर शहराच्या मधून जाते. जवळच्या रेडमंडमधल्या नोकरदारांत आपली मराठी मंडळीही बरीच, आणि त्यांतल्या काहींनी इथे घरं घेतली आहेत. शाळा, घरांचे भाव आणि न थांबणारा पाऊस हे त्यांचे नेहमीचे विषय. पण उत्तरेकडच्या कॅनियन पार्कमध्ये औषध आणि जैवतंत्रज्ञान कंपन्यांची दाटी आहे. कर्करोगावरची औषधं करणारी सीजेन इथलीच. डिसेंबर २०२३ मध्ये फायझरने ती सुमारे ४३ अब्ज डॉलरला घेतली. एवढ्या प्रयोगशाळा म्हटल्या की तेवढीच कपाटं आली, आणि कपाटांच्या मागच्या रांगेत जुन्या बाटल्याही.

त्यांतली सर्वांत साधी दिसणारी बाटली ईथरची. एकदा उघडली की आत हवा शिरते आणि हळूहळू पेरॉक्साइड तयार होऊ लागतं. वर्षं लोटली की झाकणाच्या आट्यांत पांढरे स्फटिक धरतात. अशा बाटलीचं झाकण पिळलं तर तेवढ्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. पिक्रिक अ‍ॅसिड ओलं असेपर्यंत गरीब. वाळलं की स्फोटक. सोडियम अझाइड तर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज लागतं. ते बेसिनमध्ये ओतत राहिलं तर तांब्या-शिशाच्या नळांत स्फोटक क्षार साचतात आणि त्याचा फटका बसतो पाना घेऊन आलेल्या प्लंबरला. म्हणून ईथरसारख्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची शिस्त असते. कंपनी बुडाली, माणसं पांगली, जागा घरमालकाकडे परत गेली, की ती तारीख वाचायलाही कोणी उरत नाही.

तरी कोणी वेळेवर ९११ फिरवला तर पुढची यंत्रणा मात्र खरोखर वाखाणण्याजोगी. इमारत रिकामी होते आणि घातक रसायनांचं प्रशिक्षण घेतलेलं अग्निशमन पथक धोक्याचा, मधला आणि सुरक्षित असे तीन पट्टे आखतं. बाटलीला हात लावायचा तो फक्त बॉम्बशोधक पथकाने. ते ती दुरूनच भिजवतात, नाहीतर मोकळ्या जागी खड्ड्यात नेऊन उडवतात. घातक कचऱ्याची विल्हेवाट म्हणजे एरवी महिनोन् महिने चालणारं कागदी काम. पण जिवाला धोका असेल तर तातडीचा परवाना तोंडी मिळतो, पाच दिवसांत तो लेखी द्यावा लागतो आणि ९० दिवसांपलीकडे चालत नाही. मालक सापडत नसेल किंवा हात वर करत असेल, तर केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अधिकारी १९८० च्या सुपरफंड कायद्याखाली स्वतः काम सुरू करतो आणि बिल नंतर ज्याचं त्याच्याकडून वसूल होतं. आधी जबाबदार कोण ते ठरवा, मग बघू, हा आपल्याकडचा घोळ इथे निदान कायद्याने तरी टाळला आहे.

मुंबईकरांना हा घोळ चांगला माहीत आहे. १४ जुलै २०१० रोजी शिवडीजवळच्या हाजी बंदरात, पोर्ट ट्रस्टच्या आवारात वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरांपैकी एकातून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोक इस्पितळात पोचले. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये प्रोबेस या रसायन कारखान्यात स्फोट झाला, मे २०२४ मध्ये अमुदानमध्ये. कारखान्यांच्या स्थलांतराच्या घोषणा दोन्ही वेळा झाल्या. नियमच नाहीत असं मात्र नाही; १९८९ पासून आपल्याकडे घातक रसायनांचे नियम आहेत.

अमेरिकेच्या या तयारीमागे मोठा वाटा भोपाळच्या वायुगळतीचा आहे. १९८४ च्या डिसेंबरात ती रात्र झाली, पुढच्याच ऑगस्टमध्ये युनियन कार्बाइडच्याच वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यात गळती झाली, आणि १९८६ मध्ये नागरिकांना माहितीचा हक्क देणारा कायदा आला. तेव्हापासून कारखान्यांना ठरावीक मर्यादेवरच्या साठ्याची यादी दर वर्षी १ मार्चपर्यंत अग्निशमन दल, स्थानिक समिती आणि राज्य सरकार यांना द्यावी लागते. ती पाहायला कोणीही मागू शकतो. गंमत अशी की तज्ज्ञाच्या देखरेखीखाली संशोधन-प्रयोगशाळेत वापरली जाणारी रसायनं या यादीतून वगळली आहेत. म्हणजे कारखान्यातली मोठी टाकी कायद्याला दिसते, पण बॉथेलच्या कपाटातली बाटली दिसत नाही.

मग प्रश्न हवेचा. पथकाकडे हातात धरायचं मीटर असतं. ते हवेतली सेंद्रिय वाफ दशलक्षात किती भाग आहे ते सांगतं, पण ती वाफ कशाची, हे सांगत नाही. त्यासाठी हवा डब्यात भरून प्रयोगशाळेत पाठवावी लागते आणि उत्तराची वाट पाहावी लागते. मोजमाप वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगालाही घ्यायचं असतं. बॉथेलला इथेच गोम आहे. पॅसिफिकवरून येणारा वारा ऑलिंपिक डोंगरांना आदळून दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा एकत्र येतो, तो बरेचदा एव्हरेट आणि उत्तर सिएटल यांच्या दरम्यान, म्हणजे याच पट्ट्यात. तासाभरापूर्वीची खालची बाजू तासाभराने वरची होऊ शकते. म्हणून वाऱ्याची दिशा पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या माणसाची किंमत मीटरपेक्षा जास्त.

आणि आकडे बरोबर आले तरी निर्णय बरोबर येईलच असं नाही. ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला ३ फेब्रुवारी २०२३ रोजी मालगाडी घसरली. टाक्यांतलं व्हिनाइल क्लोराइड आपोआप तापून फुटेल या भीतीने ६ तारखेला पाच टाक्या मुद्दाम फोडून जाळल्या. काळ्या धुराचा तो ढग जगाने पाहिला. ८ तारखेला हवा ठीक आहे असं सांगून लोकांना घरी सोडलं, आणि डोकेदुखी, पुरळ, उग्र वास यांच्या तक्रारी सुरूच राहिल्या. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला की ते जाळणं गरजेचंच नव्हतं. टाक्या थंड होत होत्या, आणि रसायन बनवणाऱ्या कंपनीचं तसं मत निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचलंच नव्हतं.