कर्णबधिर स्त्रीची फिर्याद

घरांत छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या साहाय्याचे जे मार्ग समाजानें आजवर काढले, ते बहुतेक कान आणि जीभ यांच्या आधारावर उभे आहेत. तिची किंकाळी ऐकून शेजारीण धांवून येते. ती माहेरीं दूरध्वनि करते. पोलीस ठाण्यांत ती आपली हकीकत तोंडीं सांगते आणि अंमलदार ती लिहून घेतो. ज्या स्त्रीला ऐकूं येत नाहीं, आणि लहानपणापासून ऐकूं न आल्यामुळें जिची वाचा इतरांना कळण्याजोगी झाली नाहीं, तिच्यासाठीं हे सारे मार्ग पहिल्याच पावलावर बंद होतात. कायदा तिचाही आहे. परंतु त्या कायद्यापर्यंत जाणारी वाट दुसऱ्या कोणाच्या तरी मुखांतून जाते, आणि तो दुसरा बहुधा त्याच घरांतला असतो.

२०११ च्या जनगणनेंत भारतांत श्रवणदोष असलेल्या सुमारें ५० लाख माणसांची नोंद झाली. त्यांत जवळजवळ २४ लाख स्त्रिया होत्या. त्या सर्वांची स्थिति सारखी नसते. कोणी जन्मतः बहिरी असून खुणांच्या भाषेंत वाढलेली असते. कोणाला ती भाषाही मिळालेली नसते, घरापुरत्या चार खुणा तेवढ्या येतात. कोणी श्रवणयंत्र लावून थोडें ऐकते. कोणाची श्रवणशक्ति लग्नानंतर किंवा उतारवयांत गेलेली असते. एकीला दुभाषी हवा, दुसरीला कागद व पेन्सिल पुरे, तर तिसरीला उजेडांत समोर बसून सावकाश बोललें म्हणजे ओठांवरून कळतें. म्हणून 'बहिरी' एवढा शब्द लिहून तिची गरज ओळखली असें समजणें ही पहिली चूक होय.

तिच्या छळाचे प्रकारही कांहींसे निराळे असतात. मारहाण, उपासमार, पैशाची अडवणूक हीं आहेतच; त्यांवर आणखी भर पडते. श्रवणयंत्र काढून घेणें किंवा फोडणें. ज्या मोबाइलवरून ती मैत्रिणींना लेखी निरोप पाठविते तो हिसकावणें. ती खुणांनीं बोलूं लागली कीं तिचे हात धरून ठेवणें वा दिवा मालवणें. घरांतील कोणतीही गोष्ट तिला न सांगणें. 'हिला कांहीं कळत नाहीं' असें चारचौघांत बिंबविणें. यांतला एखादा प्रकार वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु यंत्र फुटलें कीं दुसऱ्या दिवसापासून तिला दारावरची हांक ऐकूं येत नाहीं, डॉक्टरांशीं बोलतां येत नाहीं, आणि नोकरी असली तर तीही धोक्यांत येते.

२००५ सालीं संमत झालेला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आलेला घरगुती हिंसाचारविरोधी कायदा येथें विशेष उपयोगाचा आहे. त्यांतील हिंसेची व्याख्या रुंद आहे. शारीरिक व लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, मानसिक व आर्थिक छळही तींत येतो. संरक्षणाचा हुकूम, राहत्या घरांत राहण्याचा हक्क आणि खर्चाची रक्कम यांची मागणी स्त्रीला करतां येते. अर्जाची पहिली तारीख साधारणपणें तीन दिवसांच्या आंत नेमावी व त्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असेंही त्यांत सांगितलें आहे. परंतु कर्णबधिर स्त्रीच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें कलम चौथें. छळ होत आहे असें ज्याला सकारण वाटतें, असा कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास तें कळवूं शकतो, आणि सद्भावनेनें कळविल्याबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. जिला स्वतः हांक मारतां येत नाहीं, तिच्या शेजाऱ्यांना हें कलम ठाऊक असलें पाहिजे.

तक्रार ठाण्यापर्यंत पोंचली तरी मुख्य अडचण तेथेंच सुरू होते. अंमलदाराला खुणा कळत नाहींत. म्हणून तो सोबतच्या माणसाला विचारतो. सोबत नवरा, दीर, सासू किंवा शाळेंत जाणारा मुलगा असतो. बाई दोन मिनिटें हातांनीं कांहीं सांगते आणि सोबतचा माणूस एका वाक्यांत उरकतो, "कांहीं नाहीं साहेब, जरा रागावली आहे." तेंच वाक्य कागदावर चढतें. माहेरचें माणूस असलें तरी लग्न टिकावें म्हणून तें शब्द मवाळ करतें. आणि आईवर ओढवलेला प्रसंग तिच्या पोराच्या तोंडून वदवून घेणें हें तर दोघांवरही क्रौर्य आहे.

न्यायव्यवस्थेनें ही गोष्ट ओळखलेली आहे. बोलतां न येणाऱ्या साक्षीदारानें लिहून किंवा खुणांनीं दिलेली साक्ष तोंडी साक्षीइतकीच ग्राह्य मानावी, हें तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतही होतें. २०१२ सालीं राजस्थानांतील एका खटल्याच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, साक्षीदाराला लिहितां वाचतां येत असेल तर साक्ष लेखी घ्यावी. नसेल तर दुभाष्याची मदत घ्यावी, तो दुभाषी त्याच्याच परिसरांतला असावा, मात्र त्याचा खटल्यांत हितसंबंध नसावा, आणि त्यालाही शपथ द्यावी. २०१३ च्या दुरुस्तीनें अशा साक्षीच्या वेळीं दुभाषी व चित्रमुद्रण आवश्यक ठरलें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही ती तरतूद कायम आहे. लैंगिक अपराधांत तर पोलिसांनीं अपंग स्त्रीच्या घरीं किंवा तिच्या सोयीच्या जागीं जाऊन, दुभाष्याच्या समक्ष फिर्याद नोंदवावी असा नियम आहे. नवऱ्याकडून होणाऱ्या छळाचा अपराध मात्र त्या यादींत नाहीं. म्हणजे ज्या घरांत तिच्यावर पाळत असते, त्याच घरांतील रोजच्या मारहाणीसाठीं ही सोय तिला हक्कानें मागतां येत नाहीं. ही उणीव भरून काढणें अवघड नाहीं.

या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतील सिॲटल शहरीं सांपडतें. १९८६ सालीं तेथें मॅरिलिन स्मिथ या स्वतः कर्णबधिर असलेल्या बाईंनीं छळ सोसणाऱ्या कर्णबधिर स्त्रियांसाठीं एक संस्था काढली. तेथें सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्या खुणांच्या भाषेंत बोलतात. मध्यें तिसरें माणूस लागतच नाहीं. पुढें संस्थेनें अशा स्त्रियांना मुलांसह कांहीं काळ राहतां येईल अशीं बिऱ्हाडेंही बांधलीं, आणि तिचें उदाहरण पाहून इतर शहरांतही तशीं केंद्रें निघालीं. या कामांत गुप्ततेची कसोटी लागते. कर्णबधिरांचा समाज लहान असतो. नवराही पुष्कळदां कर्णबधिर असतो, आणि दोघांचे मित्र व दुभाषी एकच असतात. म्हणून कार्यकर्तीनें ऐकलेलें, अर्थात् पाहिलेलें, बाहेर जाऊं न देणें हा तेथें पहिला नियम ठरतो.

भारतांत खुणांच्या भाषेचें संशोधन व शिक्षण करणारी सरकारी संस्था २०१५ मध्यें नवी दिल्लीस स्थापन झाली. २०२१ मध्यें तिच्या कोशांत दहा हजार शब्द झाले. पाया घातला गेला आहे. परंतु ठाण्याठाण्यांत पोंचतील एवढे दुभाषी अद्याप नाहींत. तोंवर बरेंच काम घराघरांतूनच झालें पाहिजे. कर्णबधिर मुलीच्या आईबापांनीं तिच्या लग्नापूर्वीं तिला वाचन, लेखन व खुणांची भाषा हीं तिन्हीं द्यावीं. तिच्या स्वतःच्या नांवाचें बँकेंतील खातें आणि तिच्या हातचा मोबाइल असावा. घराबाहेरची एक विश्वासू मैत्रीण व तिच्याशीं ठरलेला एक संकेत असावा. शेजाऱ्यांना संशय आला तर तिला एकटी गांठून, उजेडांत, कागदावर किंवा मोबाइलवर लिहून विचारावें. घरच्यांच्या देखत विचारूं नये. तिला वाचतां येत नसेल, तर खुणा जाणणाऱ्या परक्या माणसाची गांठ घालून द्यावी. निवाऱ्यांत घंटेबरोबर दिवाही लागावा.

नभोवाणीवरील भाषण ज्यांच्याविषयीं आहे त्यांच्याच कानांवर पडत नाहीं, असा हा विषय आहे. छापील पानावर त्यांतल्या कांहींजणी तें वाचतील. बाकीच्यांचा भार ऐकणाऱ्यांवर येतो. आणि तो वाहतांना त्यांनीं एवढेंच संभाळावें कीं, तिच्या वतीनें आपण बोलण्याआधीं तिचें म्हणणें तिच्याच भाषेंत, पुरतें, विचारून घ्यावें.