छोट्या ॲम्पची गिटार बँडमध्ये ऐकूच येत नाही? नवा ॲम्प घेण्याआधी हे वाचा

गणपती, नवरात्र, लग्नसराई, मग भीमजयंती. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठेही जा, या दिवसांत कुठे ना कुठे स्टेज बांधलेलं असतं आणि त्यावर ऑर्केस्ट्रा किंवा गाण्याची पार्टी असते. त्यात एखादा गिटारवाला पोरगा असतो. त्याच्याकडे १०-१५ वॅटचा छोटा ॲम्प असतो, जो घरी अर्ध्यावर नेला तरी शेजारचे दार वाजवतात. स्टेजवर मात्र ऑक्टापॅड, ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की ॲम्प फुल करूनही त्याची गिटार त्याची त्यालाच ऐकू येत नाही.

मग डोक्यात एकच विचार येतो. पैसे जमवायचे आणि मोठा, १०० वॅटचा ॲम्प घ्यायचा.

थांबा. आधी वॅटचा हिशेब बघू.

वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला, असं कान मानत नाही. १५ वॅटचे ३० केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका फरक. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. १५चे थेट १५०.

त्यात स्पीकरचाही हात असतो. सगळे स्पीकर एका वॅटमध्ये सारखाच आवाज देत नाहीत. एक ९० डेसिबल देत असेल आणि दुसरा १००, तर दुसऱ्यावर १० वॅट जे काम करतील त्यासाठी पहिल्यावर १०० लागतील. छोट्या ॲम्पमधला सहा-आठ इंची स्पीकर बहुतेकदा या बाबतीत कमजोर असतो. ॲम्पच्या मागे बाहेरचा स्पीकर जोडायची सोय असेल तर तिथे बारा इंची चांगला स्पीकर जोडून बघणं नव्या ॲम्पपेक्षा स्वस्त पडतं. फक्त मागे लिहिलेले ओम जुळले पाहिजेत.

तिसरी गोष्ट म्हणजे मैदान. खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, उघड्यावर तो निघून जातो. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. २ मीटरवर जो आवाज आहे तो १६ मीटरवर १८ डेसिबलने उतरलेला असतो. म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत गिटार पोचवणं हे त्या ॲम्पचं काम नव्हतंच कधी.

हे फक्त आपल्याकडच्या पोरांचं दुखणं आहे असंही नाही. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजवत होते. समोर ५५ हजारांवर लोक, स्टेजवर १०० वॅटचे ॲम्प. पब्लिकच्या किंचाळण्यात त्यांना स्वतःचंच वाजवणं नीट ऐकू येत नव्हतं.

बेंजोचं उदाहरण बघा

वरातीत वाजतो तो बेंजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग. मूळ जपानी वाद्य, १९१२ मध्ये नागोया शहरात तयार झालेलं. तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. नुसतं वाजवलं तर शेजारच्या खोलीतही जाणार नाही. तरी ताशा आणि ढोलाच्या गदारोळात गाण्याची चाल त्याचीच ऐकू येते. कशी?

एक तर त्याला पिकअप लावून आवाज भोंग्यातून काढतात आणि भोंगा कमी वॅटमध्ये जास्त आवाज देतो. दुसरं म्हणजे त्याचा सूर वरच्या पट्टीत असतो. ढोल खाली घुमतो, बेंजो वर टोचतो. आपला कान साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतो. त्यामुळे तिथला थोडा आवाजही लपत नाही.

गिटारवाला नेमकं याच्या उलट करतो. घरी एकट्याने वाजवताना बास आणि ट्रेबल वर, मिड खाली असा आवाज भरगच्च वाटतो. बँडमध्ये तो बास ढोलकी आणि कीबोर्डच्या डाव्या हाताखाली गाडला जातो, ट्रेबल झांजेत विरघळतो आणि मधली जागा आपणच रिकामी केलेली असते. म्हणून बास उतरवा, मिड चढवा. एकट्याने ऐकलं तर हा आवाज नाकात बोलल्यासारखा लागेल. लागू द्या. डिस्टॉर्शन आणि रिव्हर्बही कमी करा, कारण जास्त डिस्टॉर्शनमध्ये स्ट्रोकची धार जाते आणि सगळा नुसता घूं-घूं उरतो.

ॲम्प जमिनीवर ठेवायची सवयही सोडायला हवी. वरचे सूर स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. जमिनीवरचा ॲम्प वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना गिटार ऐकवत असतो, वर जमिनीमुळे बास आणखी फुगतो. खुर्चीवर ठेवा, तोंड कानाकडे तिरकं करा. शून्य रुपयांत सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

मग पब्लिकला कसं ऐकू जाणार?

मंडपातल्या साउंड सिस्टीममधून. छोट्या ॲम्पसमोर, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला, अगदी जवळ एक साधा गाण्याचा माइक लावा आणि मिक्सरला द्या. आता ॲम्पने फक्त दोघांना ऐकवायचंय: वाजवणाऱ्याला आणि माइकला. त्यासाठी १० वॅट पुरतात. ॲम्पला लाइन आउट असेल तर तेही चालतं, पण काही ॲम्पमधून ते सरळ दिलं की आवाज माशी भुणभुणल्यासारखा येतो, तेव्हा माइकच बरा. स्पीकरचं आउटपुट मात्र मिक्सरला कधीही जोडू नका, मिक्सर जळू शकतो.

ऑर्केस्ट्रावाल्यांना एक फायदा आहे, जो रॉक बँडला नसतो. खऱ्या ड्रमला आवाज कमी करायचं बटण नाही, ऑक्टापॅडला आहे. त्यामुळे गिटार वाढवण्याआधी बाकीच्यांनी दोन घर खाली येणं शक्य असतं. कीबोर्डवाल्या दादांनी गिटारच्या सोलोला डावा हात उचलला तरी अर्धं काम होतं. हे बोलायला जड जातं, कारण ते बहुतेकदा सीनियर असतात. तालमीतच बोलून घेतलेलं बरं.

नाहीतर काय होतं? एकाने वाढवलं की दुसरा वाढवतो. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत चालतो असं कानाच्या सुरक्षेचा एक प्रचलित निकष सांगतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. कार्यक्रम तीन तासांचा असतो आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही.

मंडपात आणखी एक गोष्ट बघायची असते, अर्थिंग. गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ लागले की झटका बसतो, हा प्रकार स्टेजवाल्यांना नवा नाही. जनरेटरची किंवा तात्पुरती ओढलेली लाइन असेल तर धोका जास्त. ॲम्पची तिसरी पिन कापू नका, ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या आणि लाइन लावण्याआधी डेकोरेशनच्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.