वाशिमच्या वेशीवरचा मॅस्टोडॉन

२०१६ साली महिनाभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट मिळत राहिला. ऑक्टोबरात ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुण प्रोग्रॅमरने मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं समाजमाध्यम लोकांपुढे आणलं. कोड सगळ्यांना मोकळा, एकच असा मालक नाही, ज्याला हवा त्याने आपला सर्व्हर उभारावा आणि त्याने बाकीच्या सर्व्हरांशी बोलावं, अशी त्याची रचना. वाशिम जिल्ह्यात, रिसोड-मानोऱ्याकडे पहिली गोष्ट धडाक्यात पोचली. दुसरीचं नावही फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही.

नवल काहीच नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात नवा स्मार्टफोन घेणाऱ्याला आधी व्हॉट्सॲप हवं असायचं. कारंज्याच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव, पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा फोटो, लग्नाची पत्रिका, सगळं तिथेच. दहा आकडी नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, की झालं. मॅस्टोडॉन मात्र दारातच विचारायचं: सर्व्हर कोणता निवडता? पत्ताही ईमेलसारखा, आधी आपलं नाव, मग सर्व्हरचं. या प्रश्नाने भले भले परत फिरले. अखेर २०२३ मध्ये ॲपने ‘मॅस्टोडॉन डॉट सोशल’ हा स्वतःचाच सर्व्हर आपणहून पुढे करायला सुरुवात केली.

भारतात मॅस्टोडॉनचा पहिला गाजावाजा झाला नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले, ट्विटरवर जातीय भेदभावाचे आरोप झाले आणि चिडलेले लोक मॅस्टोडॉनवर गेले. बरेचसे काही आठवड्यांत परतही आले. भांडण खरं होतं, पण ते ट्विटरवर असणाऱ्यांचं होतं. (वेगळी चूल मांडणं मराठी माणसाला तसं नवं नाही. १९९६ ची मायबोली, २००४ चं मनोगत, २००७ चं मिसळपाव: तिन्ही संकेतस्थळांवर पुढेमागे ड्रुपल ही मुक्त प्रणालीच वापरली गेली. फक्त एका चुलीवरून दुसरीकडे वाटी जात नव्हती. प्रत्येक ठिकाणी वेगळं खातं काढावं लागे.)

गावाकडे खरा फटका बसला तो २९ जून २०२० ला. टिकटॉकवर बंदी आली आणि शेताच्या बांधावर व्हिडिओ करणाऱ्या पोरापोरींनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत हातचे गेले. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलताना जुन्या पोस्ट मागे राहतात, पण फॉलोअर सोबत नेता येतात. नेमकी तीच सोय इथे हवी होती. पण ती पोरं गेली मोज-जोशसारख्या दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपवर. ‘देशी ट्विटर’ म्हणून मिरवलेलं कू जुलै २०२४ मध्ये बंद पडलं, तेव्हाही वापरणाऱ्यांच्या हाती काही नव्हतं.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटींमुळे सिग्नल या संदेश ॲपची लाट आली. सिग्नलचा कोड खुला असला तरी सर्व्हर एकाच संस्थेचे. आणि गंमत अशी की व्हॉट्सॲपचे संदेश कुलूपबंद करणारी पद्धतही सिग्नलवाल्यांचीच. म्हणजे मंगरुळपीरचा दुकानदार मुक्त तंत्रज्ञान रोज वापरतो, फक्त दुसऱ्याच्या आवारात.

याहून अवघड वळण पुढे आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये वाशिमच्या महसूल विभागाचं ठाणं असलेल्या अमरावतीत दंगलीनंतर संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. इंटरनेट नसताना जवळच्या फोनांमध्ये ब्लूटूथवरून संदेश नेणारं ब्रायर हे मुक्त ॲप अशाच वेळेसाठी आहे. पण मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादी वापराचं कारण देत १४ ॲप बंद केली, त्यांत ब्रायर होतं, आणि विकेंद्रित मेट्रिक्स जाळ्यावर चालणारं एलिमेंटही.

या सगळ्यात मॅस्टोडॉनसारखे पर्याय बांधणाऱ्यांची नजर ट्विटरवरच राहिली, आणि वाशिमचा माणूस अडकला होता व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये. ग्रुप हलल्याशिवाय तो एकटा हलणार तरी कसा? त्या गाठीला हात घातला तो युरोपने. तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्यानुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपला, मागणी आल्यास, दुसऱ्या संदेश ॲपसाठी दार उघडावं लागतं. ग्राहकाने ॲप बदललं तरी समोरच्याने बदलायची गरज उरू नये, हा त्यामागचा हेतू. भारतात व्हॉट्सॲपवर अशी सक्ती नाही.