तीन क्वार्टर

सकाळचे साडेआठ. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर बाकावर आम्ही तिघं बसलोय : मित्र, वहिनी आणि मी. मी टपरीवरून आणलेला चहाचा ग्लास तो दोन्ही हातांनी धरतो, तरी चहा हिंदकळून मनगटावर सांडतो. वहिनी काही न बोलता पदराने मनगट पुसतात.

काल रात्री नऊला त्याने उरलेली बाटली मोरीत ओतली. "आता कायमची बंद," म्हणाला. पहाटे वहिनींचा फोन आला, "भाऊजी, लवकर या. अंग कापतंय, घामाने गादी भिजलीय."

नंबर येतो. डॉक्टरबाई तरुण आहेत. "हात पुढे करा. बोटं पसरा." त्याच्या बोटांवर त्या केसपेपर ठेवतात. वारा नाही, पंखा बंद आहे, तरी कागद फडफडतो.

"रोज किती घेता?"

"एक क्वार्टर," तो खाली बघत म्हणतो.

डॉक्टरबाई माझ्याकडे बघतात. इतकी वर्षं मी त्याच्या ऑफिसात फोन करून ताप आल्याचं सांगितलंय, बारची उधारी भागवलीय. मित्राची अब्रू सांभाळतोय असं वाटायचं. सांभाळली त्याची दारू.

"तीन," मी म्हणतो. "पहिली सकाळी, दात घासायच्या आधी."

तीन क्वार्टर म्हणजे ५४० मिली. तो माझ्याकडे रागाने बघतो. मग मान खाली घालून हळूच म्हणतो, "पगाराच्या आठवड्यात चार."

डॉक्टरबाई लिहून घेतात. "बरं झालं, आलात. रोज एवढी घेणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करायची नसते. दारूने दाबून ठेवलेला मेंदू अचानक उसळतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास, भ्रम. जीवही जातो. दाखल करते."

वॉर्डात सिस्टर सलाइन लावायला निघालेल्या शिकाऊ मुलीला थांबवतात, "आधी बी-वन, मग ग्लुकोज." वर्षानुवर्षांच्या दारूने शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व संपलेलं असतं, त्याच्याआधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. औषधाने तासाभरात त्याचा थरकाप थोडा उतरतो.

राउंडला आलेल्या डॉक्टरबाई वहिनींना समजावतात : इथे फक्त शरीर सावरेल, मन सावरायला पुढे बरेच दिवस लागतील. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारखं केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा आहेत, त्यांना फी लागत नाही. "आणि तुमच्यासाठी अल-अनॉन. घरच्यांनाही आधार लागतो." वहिनी पहिल्यांदाच रडतात.

"ऑफिसात काय सांगशील?" तो मला विचारतो.

"दारूवर उपचार घेतोय म्हणून सांगणार."

तो डोळे मिटतो. "सांग."

तुमचाही असा मित्र असेल, तर त्याच्यासाठी खोटं बोलणं आजच थांबवा. त्याला एकट्याला सोडू नका, आणि दारू एकदम बंद करायची शपथही घालू नका. सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. कुठे जावं कळत नसेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे : १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत.