मिशनरी मानवशास्त्र
मिशनरी मानवशास्त्र ही ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी लोकसंस्कृतींचा अभ्यास करणारी, मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकविली जाणारी ज्ञानशाखा होय. कॅलिफोर्नियातील फुलर सेमिनरीत १९६५ मध्ये यासाठी स्वतंत्र विद्यालय निघाले. त्याचे पहिले अधिष्ठाता डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म दमोहचा.

तेथील प्राध्यापक पॉल हीबर्ट हेही भारतात, शमशाबादला जन्मले. मिशनरी ईश्वर व तारण यांविषयी बोलतात आणि रोगाचे कारण विज्ञानात शोधतात. दृष्ट, भूतबाधा, शकुन यांविषयी मात्र त्यांच्यापाशी उत्तर नसते, म्हणून धर्मांतरितही आजारपणात मांत्रिकाकडे जातात, असे त्यांनी १९८२ च्या निबंधात दाखविले. जुन्या चाली सरसकट मोडू वा स्वीकारू नयेत. त्यांचा अर्थ त्या समाजासोबतच तपासावा, असे त्यांचे मत होते. अभ्यासाचा हेतूच परिवर्तन असल्याने या शाखेच्या तटस्थतेवर मानवशास्त्रज्ञ आक्षेप घेत आले आहेत.