वेल्डिंगनंतरचं मशिनिंग आधीच ठरवा

वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं शेजारी. कोळसा म्हटला की कन्व्हेयर आला, आणि मोटर-गिअरबॉक्स बसवायला जाड प्लेटची वेल्डेड फ्रेमही आली. वेल्डिंग संपलं म्हणजे ही फ्रेम तयार झाली, असं समजणं महागात पडतं.

वेल्ड ओढतो

वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि आजूबाजूची प्लेट ओढून घेतो. मोठ्या फ्रेमला दोन-तीन मिलिमीटरचा बाक सहज येतो. 100 मिमीच्या बेअरिंग बोअरला मात्र एच7 मापात अवघी 0.035 मिमी सूट असते. एवढी अचूकता बोरिंग मशीनवरच मिळते.

आधी ताण काढा

वेल्डिंगचा ताण फ्रेमच्या आत कोंडून राहतो. तो काढायला फ्रेम भट्टीत 600 ते 650 अंशांवर ठेवतात, 25 मिमी जाडीला साधारण तासभर, आणि भट्टीतच सावकाश थंड करतात. ही पायरी गाळली तर फ्रेम मशीनवर अचूक निघते, पण क्लॅम्प सैल करताच डायलची सुई सरकते. वरचा थर कापला गेल्यामुळे ताण मोकळा होतो आणि फ्रेम पुन्हा वाकते. जाड, अचूक कामात भट्टीचा खर्च वाचवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माल ठेवा

अख्खी फ्रेम मशीन करायची गरज नसते. मोटर-गिअरबॉक्सच्या पायांखाली पॅड वेल्ड करून त्यांवर 3 ते 5 मिमी जादा माल ठेवावा आणि सगळे पॅड एकाच सेटिंगमध्ये मिल करावेत. नेमकी भोकं त्यानंतर. वेल्डला खेटून भोक नको. तिथला धातू कडक झालेला असू शकतो, टॅप तुटतो.

नागपूरचा मे

पारा 45 अंशांवर जातो तेव्हा मापही फसवतं. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे 0.012 मिमी वाढतं. उन्हातली फ्रेम सावलीतल्या मापपट्टीपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर 2 मीटर लांबीत जवळपास अर्ध्या मिलिमीटरची चूक होते. म्हणून जॉब आदल्या रात्रीच शॉपमध्ये आणून ठेवावा.

ऑर्डर देताना

कोणत्या बाजू मशीन करायच्या, किती माल ठेवायचा आणि ताण कधी काढायचा, हे ड्रॉइंगवरच लिहून द्या. माल कमी पडला तर तो वेल्डनेच भरावा लागतो, आणि त्या वेल्डबरोबर नवा ताण येतो.